परतूरहून एक पुस्तक पाठवायचं आहे

परतूरहून सेलूकडे जाताना रेल्वेचं एक छोटं स्टेशन लागतं, सातोना. बी. रघुनाथ यांचा जन्म या सातोन्याचा, १९१३ सालचा. पूर्ण नाव भगवान रघुनाथ कुलकर्णी. निजामाच्या बांधकाम खात्यात नोकरी, मुक्काम परभणी, आणि १९५३ मध्ये अवघ्या चाळिशीत मृत्यू. तेवढ्या आयुष्यात कविता, कथा आणि अर्धा डझनाहून जास्त कादंबऱ्या लिहून झाल्या होत्या. त्यांतल्या एका कादंबरीचं नाव आहे ‘ओ’.

एका मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेच्या शोधखिडकीत मी ‘ओ’ टाकून पाहिलं. ओट्स आले, ओढण्या आल्या, ओव्याचा अर्क आला. लेखकाचं नाव जोडलं तेव्हा रघुनाथ नावाच्या इतर सद्गृहस्थांची पुस्तकं आली. बी. रघुनाथ काही आले नाहीत. परतूरसारख्या तालुक्याच्या गावातून जुनी पुस्तकं ऑनलाइन विकू पाहणाऱ्याची पहिली अडचण ही, की त्याच्या मालाची त्या बाजारात नोंदच नसते. भाव, कमिशन, कुरिअर या सगळ्या कटकटी त्यानंतरच्या.

परतूरला जुनी पुस्तकं मुळात असतील किती, असं पुण्यातल्या वाचकाला वाटेल. आहेत, भरपूर आहेत. १ मे १९८१ला जालना जिल्हा झाला त्याआधी परतूर परभणी जिल्ह्यात होतं, आणि १७ सप्टेंबर १९४८च्या आधी हैदराबाद संस्थानात. तेव्हाचं सरकारदरबारचं आणि वरच्या शिक्षणाचं माध्यम उर्दू. त्यामुळे जुन्या घरांच्या फडताळात पोथ्या आणि हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्यांच्या जोडीला उर्दू क्रमिक पुस्तकंही निघतात, जी वाचणारा त्या घरात आता कुणी उरलेला नसतो. पुढच्या पिढीत शाळा-कॉलेजं वाढली आणि पुस्तक विकत घेणारा एक वर्ग तयार झाला, तो प्रामुख्याने मास्तरांचा. १९९५ला परभणीला नारायण सुर्वे यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन झालं, तिथून पिशव्या भरून पुस्तकं आणणारे लोक या पट्ट्यातल्या गावोगावी होते. आज ते मास्तर निवृत्त आहेत किंवा गेलेले आहेत. मुलं पुण्याला, संभाजीनगरला. घर भाड्याने द्यायचं ठरतं, कपाट रिकामं करायची वेळ येते आणि गल्लीतून जाणाऱ्या भंगारवाल्या चाचांना हाक जाते. आमच्या जिल्ह्याला भंगाराचं वावडं नाही. जालन्याच्या भट्ट्यांत मोडक्या लोखंडाची नवी सळई होते आणि ती राज्यभर जाते. पुस्तकाच्या भंगाराचा मात्र लगदाच होतो.

त्या चाचांच्या काट्यावर चढण्याआधी चार पुस्तकं बाजूला काढावीत, फोटो काढून ऑनलाइन टाकावीत, वाचणाऱ्याला मिळतील, आपल्यालाही दोन पैसे सुटतील, एवढा साधा हा विचार. तो माझ्यासारख्या अनेकांनी केला. त्याचं पुढे काय होतं ते सांगायचं आहे.

अमेझॉनने जुलै १९९५मध्ये दुकान उघडलं ते पुस्तकांचं. फ्लिपकार्टने २००७मध्ये सुरुवात केली तीही पुस्तकांनीच. दोघांनाही साहित्याचा उमाळा आला होता असं नाही. पुस्तक नासत नाही, फुटत नाही, त्याचं माप काढावं लागत नाही; आणि एका आवृत्तीची एक प्रत दुसऱ्या प्रतीसारखीच असते. शिवाय प्रत्येकाला आयएसबीएन हा स्वतंत्र क्रमांक. तो यंत्राला दिला की नाव, लेखक, पानं, किंमत, मुखपृष्ठ सगळं समोर येतं. जगातली सगळी पुस्तकं एका यादीत बसवता येतात, हे ज्याला आधी कळलं त्याने बाजार जिंकला.

जुन्या पुस्तकात यातलं काहीच लागू पडत नाही. आयएसबीएनचं आंतरराष्ट्रीय मानक १९७०चं. मराठी पुस्तकांवर तो क्रमांक सर्रास दिसायला लागला त्याच्याही बऱ्याच नंतर. बी. रघुनाथांची ‘आडगावचे चौधरी’ १९५४ची. तिच्या पाठीवर बारकोड कुठून असणार? १९७०-८०च्या दशकातल्या पुस्तकांवर क्रमांक असला तरी तो दहा आकडी, आणि २००७पासून व्यवहार तेरा आकड्यांचा. विक्रेत्याने तो आकडेमोड करून बदलून घ्यायचा. क्रमांक मुळातच नसेल तर बाजारपेठेकडे अर्ज करायचा, की या मालाला बारकोड नाही, तरी विकू द्या. अर्जाला उत्तर देणारा माणूस असेलच याची खात्री नाही. बऱ्याचदा उत्तर देतं ते यंत्र, आणि त्याला हवा असतो पुस्तकावरच्या बारकोडचा फोटो. बारकोड नाही म्हणून केलेल्या अर्जासाठी बारकोडचा फोटो.

यातून पार पडलात की नाव भरायचं, तेही बहुतेक ठिकाणी रोमन लिपीत. चौधरी हे आडनाव रोमन लिपीत निदान चार तऱ्हांनी लिहितात, ‘आडगाव’च्या सुरुवातीला ए एक की दोन यावर एकमत नाही, आणि ग्राहक पाचवीच तऱ्हा टाकून शोधतो. पुस्तक यादीत असतं, फक्त सापडत नाही. उर्दू पुस्तकांचे हाल तर विचारू नका. ते ओळखायचं कुणी, लिपी वाचायची कुणी आणि यादीत कुठल्या खणात टाकायचं? मी अशी पुस्तकं ऑनलाइन विकण्याचा नाद सोडला. हैदराबादला आबिड्सच्या फुटपाथवर दर रविवारी जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. परतूरहून रात्रीच्या गाडीने निघालं की सकाळी सिकंदराबाद. उर्दू पुस्तकाला तिथे गिऱ्हाईक आहे.

दिवाळी अंकांची कथाही हीच. का. र. मित्र यांनी १९०९ला ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासूनची ही परंपरा. जुने अंक हुडकणारे लोक आजही हट्टी आहेत. एखाद्याला वडिलांची पहिली कथा आलेला अंक हवा असतो, एखादीला चित्रकाराची मुखपृष्ठं. पण नियतकालिक म्हणजे बाजारपेठेच्या लेखी पुस्तकही नाही. तुमच्या हातातला हा दिवाळी अंक जानेवारीत लायब्ररीवाले निम्म्या किमतीला काढतील. तीस वर्षांनी कुणी तो ऑनलाइन विकू पाहील तेव्हा त्यालाही हाच ताप.

आता पैशांचं बोलू. हिशेब कागदावर मांडल्याशिवाय हा धंदा कळत नाही.

समजा, एक जुनी कादंबरी १२० रुपयांना विकली गेली. घरमालकाला किंवा चाचांना तिचे १५ रुपये दिले होते. बाजारपेठेचं कमिशन आणि ठरावीक फी मिळून ३० रुपये धरू. त्या ३० रुपयांवर जीएसटी १८ टक्के, म्हणजे ५ रुपये ४० पैसे. कुरिअर करासह ५० रुपये, पाकीट-टेप ८ रुपये. हाती उरले ११ रुपये ६० पैसे. तेही एवढ्यावर, की पुस्तकाचं वजन पाकिटासकट अर्ध्या किलोच्या आत राहिलं. जाड पुठ्ठ्याच्या बांधणीची ऐतिहासिक कादंबरी असेल तर ती पुढच्या टप्प्यात जाते आणि अकरा रुपये तिथेच संपतात. मराठी माणसाला ऐतिहासिक कादंबरी जाडच लागते, हा एक वेगळा घोळ.

जीएसटीची गंमत अशी, की छापील पुस्तकावर तो शून्य आहे. फक्त करमुक्त माल विकणाऱ्याला जीएसटीची नोंदणीही लागत नाही. ऐकायला सवलत. पण कमिशनवर, कुरिअरवर, पाकिटावर तो भरावाच लागतो, आणि पुढे विक्रीवर करच नसल्याने भरलेला कर वळता करून घेता येत नाही. मोबाइलची कव्हरं विकणारा शेजारी हाच १८ टक्के कर पुढच्या करात वजा करतो. पुस्तकवाल्याला तो पदरचा खर्च. पुस्तक करमुक्त ठेवून ते पोचवण्याच्या प्रत्येक पायरीवर कर, ही व्यवस्था कुणी मुद्दाम पुस्तकाविरुद्ध रचलेली नाही, परिणाम मात्र तसाच होतो. शिवाय ऑक्टोबर २०२०पासून ऑनलाइन विक्रीवर बाजारपेठेनेच एक टक्का आयकर कापून घ्यायचा नियम आला. ऑक्टोबर २०२४पासून तो ०.१ टक्का झाला. वर्षाला पाच लाखांच्या आत विक्री असलेल्या आणि पॅन किंवा आधार दिलेल्या व्यक्तीला तो लागू नाही. परतूरमधून जुनी पुस्तकं विकून पाच लाखांवर जाणारा माणूस मला भेटला नाही. भेटला तर त्याचा सत्कार ठेवू.

दहा पुस्तकं विकली आणि एक परत आलं, असं धरा. नऊ पुस्तकांचे मिळाले १०४ रुपये ४० पैसे. परत आलेल्याचं जाण्याचं कुरिअर ५०, येण्याचं ५०, पाकीट ८, असे गेले १०८. एकूण व्यवहार ३ रुपये ६० पैसे तोट्यात. दहात एक परत येणं हा काही फार वाईट काळ नव्हे. कॅश ऑन डिलिव्हरी असेल तर गिऱ्हाईक फोन उचलत नाही, गावाला गेलेलं असतं, किंवा दारात आलेल्या पोराला नको म्हणून सांगतं. त्याचं काहीच जात नाही. पुस्तक फिरून परतूरला येतं, कोपरे दबून.

परत करण्याची कारणं वाचण्यासारखी असतात. ‘पानं पिवळी आहेत.’ १९६८च्या पुस्तकाची पानं पांढरी असती तर मीच घाबरलो असतो. ‘आत कुणाचं तरी नाव लिहिलं आहे.’ ‘वास येतो.’ बाजारपेठा जुन्या मालाच्या चार-पाच प्रतवाऱ्या ठरवून देतात: नव्यासारखं, खूप चांगलं, चांगलं, चालण्यासारखं. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या कपाटात चाळीस वर्षं काढलेलं, कसरीने कडा खाल्लेलं, पण मजकुराचं एक अक्षर न गेलेलं पुस्तक यात कुठे बसवायचं? मी ‘चालण्यासारखं’ लिहितो आणि फोटोत कसरीची भोकं दाखवतो. फोटो कुणी मोठा करून पाहत नाही. पहिल्या पानावर कुणी मुलीला दिलेला आशीर्वाद असतो, शाळेच्या बक्षिसाची चिठ्ठी असते, कधी लेखकाची सही असते. संग्राहक त्यासाठी दुप्पट पैसे देतो. ऑनलाइन गिऱ्हाईक त्यालाच खोट म्हणतं आणि पैसे परत मागतं. दोघांची गाठ घालून द्यायची सोय त्या बाजारात नाही.

वाचनालयाच्या शिक्क्याचं प्रकरण याहून नाजूक. महाराष्ट्रात १९६७च्या कायद्याखाली अनुदान घेणारी हजारो सार्वजनिक वाचनालयं आहेत. जीर्ण पुस्तकांचं रीतसर निर्लेखन होतं आणि ती रद्दीत जातात. तिथून ती आमच्याकडे येतात. पण शिक्का राहतो, आणि पुस्तक रद्द केल्याची खूण पानावर प्रत्येक वाचनालय करतंच असं नाही. मग गिऱ्हाईक थेट विचारतं, हे पुस्तक चोरीचं आहे का? प्रश्न रास्त आहे. चोरलेली पुस्तकंही बाजारात फिरतात, कबूल केलं पाहिजे. वाचनालयांनी निर्लेखित पुस्तकावर तसा ठसठशीत शिक्का मारला तर विकणारा, घेणारा आणि खुद्द वाचनालय तिघांचीही अब्रू राखली जाईल. शाई आणि रबरापलीकडे याला खर्च नाही.

एका बाजारपेठेत, नाव घेत नाही, माझं खातं काही दिवस बंद झालं होतं. एका प्रतीवर तक्रार आली होती, की माल ‘अस्सल’ नाही. प्रत जुनी, प्रकाशकाची, मुद्रकाच्या नावासकट. त्यांनी पुरवठादाराचं बिल मागितलं. आता भंगाराच्या गाड्यावरून किलोने घेतलेल्या पुस्तकाचं बिल कोण देतो? शेवटी प्रत काढून टाकली तेव्हा खातं चालू झालं. नकली पुस्तकांचा उच्छाद खरा आहे. ‘छावा’, ‘मृत्युंजय’ यांसारख्या खपाऊ पुस्तकांच्या, मधली पानं पुसट छापलेल्या प्रती सर्रास दिसतात. फेब्रुवारी २०२५मध्ये ‘छावा’ सिनेमा आला, शिवाजी सावंतांच्या १९७९च्या कादंबरीला नव्याने मागणी आली आणि त्या मागणीवर नकली छपाईवाले तुटून पडले. पण यंत्राला नकली छापणारा आणि जुनं विकणारा यांतला फरक कळत नाही. कायद्याला कळतो: १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १४मध्ये, आधीच वितरणात आलेल्या प्रती प्रकाशकाच्या हक्कातून वगळल्या आहेत. एकदा विकली गेलेली अस्सल प्रत पुन्हा विकण्यात काहीही बेकायदा नाही. हे मी तक्रारीच्या उत्तरात लिहिलं होतं. उत्तरादाखल पुन्हा बिलच मागितलं गेलं.

भावाबद्दलही लोकांच्या डोक्यात ऑनलाइनने जे भरवलंय ते काढणं अवघड. एखाद्या घरी पुस्तकं पाहायला गेलं की मालक मोबाइल पुढे करतात. अहो, हेच पुस्तक तिथे चार हजारांना आहे, तुम्ही चाळीस काय म्हणता? तिथे आहे, हे खरं. विकलं गेलंय का, हे कुणी पाहत नाही. पुष्कळदा त्या विक्रेत्याकडे पुस्तक नसतंच. कुणी मागितलं तर कुठून तरी स्वस्तात मिळवून द्यायचं, एवढाच त्याचा बेत. यंत्रं परस्पर भाव कसे चढवतात याचा गाजलेला दाखला २०११चा आहे. पीटर लॉरेन्स यांचं माशीच्या वाढीवरचं एक शास्त्रीय पुस्तक अमेझॉनवर दोन विक्रेत्यांनी लावलं होतं. एकाचं यंत्र दुसऱ्यापेक्षा किंचित कमी भाव लावायचं, दुसऱ्याचं यंत्र पहिल्याच्या सव्वापटीहून थोडा जास्त. दोघं एकमेकांकडे पाहत चढत गेले आणि पुस्तकाची किंमत जवळपास २ कोटी ३७ लाख डॉलर झाली. बर्कलीचे जीवशास्त्रज्ञ मायकेल आयसन यांनी ते आकडे रोज टिपले आणि गणित उलगडलं, तेव्हा जगाला कळलं. सव्वापटवाल्याकडे पुस्तक बहुधा नव्हतंच, असा त्यांचा अंदाज होता. परतूरच्या मालकांना मी ही गोष्ट सांगतो. ते हसतात आणि पुन्हा चार हजारांकडे बोट दाखवतात.

उलट टोकही आहे. परीक्षेची पुस्तकं. परतूरच्या अभ्यासिकांतून एमपीएससी, पोलीस भरती, तलाठी भरती करणाऱ्या मुलांकडे जुनी पुस्तकं सगळ्यात जास्त निघतात, आणि त्यांना क्रमांक आहे, यादीत नोंद आहे, गिऱ्हाईकही आहे. हा माल ऑनलाइन चालायला हवा. चालतोही, पण त्याचं आयुष्य फार थोडं. नवी आवृत्ती आली की जुनीचा भाव कोसळतो. राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक करायचं आयोगाने ठरवलं, मुलं २०२३च्या सुरुवातीला पुण्यात रस्त्यावर उतरली, आणि बदल २०२५वर ढकलला गेला. त्या मधल्या काळात वस्तुनिष्ठ प्रश्नांचे संच घ्यावेत की नाही हे कुणालाच कळेना. २०२५ उजाडलं आणि त्यांतले बरेच संच एका झटक्यात रद्दी झाले. विकत घेणाराही याच गरजेतला. पुस्तक मागवायचं, हवी ती प्रकरणं झेरॉक्स करायची आणि परतीच्या मुदतीत ‘आवडलं नाही’ म्हणून परत करायचं, ही युक्ती आम्हाला चांगली माहीत आहे. राग येतो, पण भाड्याच्या खोलीत राहून तिसरा प्रयत्न करणाऱ्या पोरावर किती वेळ रागावणार?

शालेय पुस्तकांचं तर सरकारनेच वाटोळं केलं होतं. पूर्वी जूनमध्ये एका घरातलं पाचवीचं पुस्तक निम्म्या किमतीत दुसऱ्या घरात जायचं, त्याला ना ॲप लागायचं ना कुरिअर. २०२३-२४पासून बालभारतीच्या पुस्तकांचे चार भाग करून त्यांत वह्यांची कोरी पानं घातली. मुलांनी त्यांवर लिहिलं, लिहायचंच होतं. लिहिलेलं पुस्तक पुढच्या वर्षी कोण घेणार? दप्तराचं ओझं कमी करण्याचा हेतू चांगला होता. जानेवारी २०२५मध्ये निर्णय मागे घेतला, तेव्हा जुन्या पुस्तकांची ती गल्लोगल्लीची साखळी बऱ्याच ठिकाणी तुटून गेली होती.

थेट माणसाला माणूस विकतो त्या जाहिरातींच्या ॲपवर कमिशन नाही. तिथे वेगळं संकट. पहिला संदेश येतो, ‘काका, लास्ट किती?’ पुस्तकाचं नावही न वाचता. दुसरा येतो, सगळं घेतो, पण पत्ता सांगा. आणि तिसरा असतो तो सैन्यातला म्हणवणाऱ्याचा. बदली झाली आहे, छावणीतून बोलतोय, पुस्तकांचा गठ्ठा न पाहता घेतो, पैसे आगाऊ पाठवतो, फक्त हा क्यूआर कोड स्कॅन करा. स्कॅन करून पिन टाकला की पैसे येत नाहीत, जातात. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. फसगत झालीच तर लगेच १९३०वर फोन करायचा. जितका लवकर कराल तितके पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त. दोनशे रुपयांच्या पुस्तकांच्या गठ्ठ्यावर कुणी एवढा उद्योग कशाला करेल, असं वाटतं. गठ्ठा हे निमित्त. त्याला तुमचं खातं हवं असतं.

विक्रेत्यांनी एकत्र येऊन काही करता येतं का? बाहेर झालेलं आहे. कॅनडातलं ‘एबबुक्स’ हे जुन्या पुस्तकांचं संकेतस्थळ १९९६मध्ये सुरू झालं, २००८मध्ये अमेझॉनने घेतलं. २०१८च्या अखेरीस त्यांनी हंगेरी, चेक प्रजासत्ताक, दक्षिण कोरिया, रशिया इथल्या विक्रेत्यांना बंद करणार म्हणून कळवलं. यावर वीसहून अधिक देशांतल्या शेकडो ग्रंथविक्रेत्यांनी आपली दहा लाखांहून जास्त पुस्तकं त्या संकेतस्थळावरून ‘सुट्टीवर’ नेली. एका रात्रीत दुर्मिळ पुस्तकांचे खण रिकामे झाले. कंपनी दोन दिवसांत नमली. त्यांना हे जमलं कारण त्यांची जुनी आंतरराष्ट्रीय संघटना होती आणि सगळे एकमेकांना ओळखत होते. आमच्याकडे पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातला, मुंबईच्या फाउंटनच्या फुटपाथवरचा आणि परतूरचा विक्रेता यांची गाठ पडते तीही एखाद्या गिऱ्हाइकाकडून, ‘तो अमुक इतक्याला देतोय’ एवढ्यापुरती.

तरीही जुनी मराठी पुस्तकं दूरवर विकली जाताहेत, आणि ती विकली जाण्याची जागा व्हॉट्सॲप आहे. ओळखीच्या वाचकांचा गट करायचा. संध्याकाळी पाच-सहा पुस्तकांचे फोटो टाकायचे: मुखपृष्ठ, आतलं शीर्षकपान, मुद्रणाचं पान, कसर असेल ती जागा. खाली आवृत्ती, साल, किंमत, टपालखर्च वेगळा. जो आधी ‘घेतलं’ लिहील त्याचं. आयएसबीएन कुणी विचारत नाही. ‘आडगावचे चौधरी’ देवनागरीत लिहिलं की शोधणाऱ्याला सापडतं. परत करण्याचा प्रश्न जवळजवळ येतच नाही, कारण घेणाऱ्याला जुनं पुस्तक म्हणजे काय हे ठाऊक असतं, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा त्याच गटात यायचं असतं. यात गैरसोयी आहेत. गट लहान राहतो, नवा वाचक त्यात येत नाही, सगळं एका माणसाच्या हजेरीवर चालतं. पण कमिशन शून्य आणि भांडण कमी.

या पद्धतीचा कणा टपालखातं. तिथेही मध्यंतरी घाव बसला. पुस्तकं स्वस्तात नोंदणी करून पाठवायची बुकपोस्टची जुनी सोय डिसेंबर २०२४मध्ये फारशी पूर्वसूचना न देता बंद झाली. खिडकीवर गेलेल्या माणसाला तिथेच कळलं. काही महिने लहान प्रकाशक आणि आमच्यासारखे लोक पार्सलचा दर देत राहिले, किंवा पुस्तक विकलंच नाही. खूप ओरड झाल्यावर १ मे २०२५पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू झाली. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोपर्यंत १०० रुपये, वर कर. पाकीट रस्त्याने किंवा रेल्वेने जातं, म्हणून उशीर लागतो, पण त्याचा माग घेता येतो. शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक पुस्तकं चालतात. पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव हवं, आणि व्यापारी जाहिरातबाजीचा मजकूर नको. पुस्तक ३०० ग्रॅमच्या आत असेल तर वरच्या हिशेबातले कुरिअरचे ५० रुपये काढून तिथे २० आणि कर घाला, कमिशनची ओळ खोडा, म्हणजे हा धंदा कुठे उभा राहू शकतो ते दिसेल.

माझं मत असं झालं आहे, की परीक्षेची, क्रमांक असलेली, वर्षा-दोन वर्षांची पुस्तकं ऑनलाइन बाजारपेठेत टाकावीत, आणि तीही परतीचा खर्च किमतीत धरून. क्रमांक नसलेलं जुनं मराठी पुस्तक तिथे नेऊ नये. तो बाजार एकसारख्या वस्तूंसाठी बांधलेला आहे, आणि जुन्या पुस्तकाची प्रत्येक प्रत निराळी. नेलंत तर पुस्तक दिसणार नाही आणि तुमची संध्याकाळ तेवढी जाईल.

परतूर, मंठा, सेलू, घनसावंगी या भागात ज्यांच्या घरी कपाट रिकामं करायचं आहे त्यांना एक विनंती. रद्दी तोलण्याआधी एका वहीत प्रत्येक पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, आवृत्ती, साल आणि पानं लिहा. उर्दू पुस्तकं वेगळी ठेवा, सुटे दिवाळी अंक फेकू नका, आतल्या सह्या आणि आशीर्वाद फाडू नका. यादीचा फोटो ओळखीच्या एखाद्या वाचकाला, जवळच्या वाचनालयाला किंवा कॉलेजच्या मराठी विभागाला पाठवा. आणि पुस्तक पाठवायची वेळ आली की टपालाच्या खिडकीवर नुसतं ‘पार्सल’ म्हणू नका, ‘ज्ञान पोस्ट’ असं नाव घेऊन मागा. न मागितल्यास महागडा दर लागू शकतो. त्या यादीत बी. रघुनाथांचं काही असेल, विशेषतः ‘ओ’, तर ते विकण्याआधी मला कळवा. पत्ता या अंकाच्या संपादकांकडे आहे.